उताराचा आठवडा

११ फेब्रुवारी

ताई,

"तुला किळस कशाची येते गं, माझी की गाळाची?" हे तू मला विचारलंस त्याला येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. आजही येत नाही. परीक्षेत असा प्रश्न आला असता तर मी तो सोडून पुढे गेले असते, आणि त्या दिवशी मी तेच केलं.

तू कामावरून थेट आली होतीस. दोनदा आंघोळ करून आले म्हणालीस. तरी नखांच्या कडा काळ्या होत्या आणि केसांत तो वास होता. पदवीदानाचा काळा झगा घालून मी फोटोसाठी उभी होते, डावीकडे आईबाबा, उजवीकडे तू. मैत्रीण म्हणाली, "कसला वास येतोय?" मी म्हटलं, "मागे नाला असेल." तुला ऐकू गेलं. तू गाळात सापडलेली काचेची दौत घासूनपुसून माझ्यासाठी आणली होतीस. ती माझ्या हातात ठेवलीस, प्रश्न विचारलास आणि चहासुद्धा न घेता बसस्टँडवर गेलीस. दौत माझ्याकडे आहे. टेबलावर ठेवलेली नाही, पण आहे.

आता लिहिते आहे ते कामासाठी. आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणशील, पेन्सिलला काम पडलं तेव्हा बहीण आठवली. पडलंच आहे. मी सहलींच्या ऑफिसात लागले हे आईने सांगितलं असेल. टायरच्या दुकानावर एक खोली, त्यात चार टेबलं. माझं काम सहली आखण्याचं, आणि ते मला मनापासून आवडतं. हसू नकोस. आपले आईबाबा आजवर कुठे गेले? लग्नाला, मयताला आणि दवाखान्यात. मला वाटतं, अशा माणसांनी एकदा तरी काही काम नसताना घराबाहेर पडावं. फक्त बघायला जावं आणि बघून यावं. त्यांना झेपेल अशी सहल आखता आली तर माझ्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग झाला.

तर तुझ्या शहराची दोन रात्री, तीन दिवसांची सहल आखायची आहे, कमीत कमी खर्चाची. स्वच्छ लॉज कुठलं? स्टँडपासून जुन्या पुलांपर्यंत म्हाताऱ्या माणसांना चालत जाता येईल का? आणि उतार यंदा नक्की कधी आहे? आई म्हणत होती मार्चच्या शेवटी. तिला मी परत समजावलं की वर्षातून एकदाच कालव्यांच्या तोंडाचे दरवाजे लावून कालव्यांतलं पाणी सोडून देतात आणि तेव्हाच गाळ काढतात. तिला वाटायचं, तू बारा महिने पाण्यात उभी असतेस.

उताराचं सहज विचारते आहे.

तुझी
पेन्सिल

२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाच वाक्यं आहेत, मी पंधरा वेळा वाचली असतील. "२१ ते ३०. कुणाला सांगू नकोस, तारखा फुटल्या की लॉजवाले आमच्या साहेबाच्या नरडीला येतात. लॉज एकही स्वच्छ नाही. यायचं तर तू ये. गमबूट आण."

कुणाला सांगू नकोस, हे वाचलं तेव्हा सांगून झालं होतं.

सहज विचारते असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. त्याच्या आदल्याच दिवशी ऑफिसात बैठक झाली होती. आमच्या साहेबांना आम्ही मागे 'परवडेल' म्हणतो, कारण ते सगळ्याला तेच म्हणतात. लॉजमध्ये ढेकूण आहेत, परवडेल. बसची काच फुटली आहे, परवडेल. ते पेनच्या टोपणाने कान कोरतात आणि तेच पेन गिऱ्हाइकाला सहीला देतात. गिऱ्हाईक ते दातांत धरून अर्ज वाचतं. मी रोज बघते आणि रोज काही बोलत नाही.

त्या बैठकीत ते म्हणाले, "कालव्यांचं शहर म्हणजे श्रीमंतांचं काम. लॉजचे दरच उतरत नाहीत." आणि मी, हुशार मुलगी, बोलून गेले, "मार्चच्या शेवटी उतरतात, सर. तेव्हा खोल्या रिकाम्या असतात." का, ते विचारल्यावर उताराचं सगळं सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा.

माझ्या मनात खोट नव्हती. मी पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं: 'या दिवसांत कालव्यांत पाणी नसेल. गाळाचा वास येईल. मात्र एरवी कुणालाच न दिसणारा तळ, घरांचे जुने पाये आणि जमिनीवर टेकलेल्या होड्या पाहायला मिळतील.' मला खरंच वाटलं होतं की हे बघायला लोक येतील. मी स्वतः आले असते.

परवडेलनी ती तीन वाक्यं त्याच पेनने खोडली.

"रिकामा कालवा कोण विकत घेतं, मॅडम?"

"पण सर, फोटोत पाणी आहे."

"फोटो त्याच शहराचा आहे ना? मग खोटं कुठे आहे?"

"लोक तिथे गेल्यावर बघतील ना."

"तोवर पैसे दिलेले असतील. आणि स्वस्तात गेलेला माणूस फार बोंब मारत नाही. त्याला वाटतं आपल्याला एवढंच मिळायचं."

हे शेवटचं त्यांनी अगदी प्रेमाने समजावून सांगितलं. आमच्या ऑफिसात लिंबाच्या वासाचा फवारा मारतात, त्याच्याखाली जुन्या गालिच्याचा ओलसर वास असतो. त्या दिवशी तो माझ्या घशात जाऊन बसला. तरीही पत्रक छापायला मीच दिलं, तारखाही तुझ्या कार्डावरूनच घातल्या. दोन तुकड्या भरल्या आहेत. पहिली २२ तारखेला निघेल, दुसरी २७ ला.

रागाव. पण लिही.

पेन्सिल

८ मार्च

ताई,

तू लिहिलं नाहीस. बरोबर आहे.

आज एक शिवणकाम करणारी बाई आली होती. गळ्यात टेप तशीच लटकत होती, मशीनवरून उठून आलेली दिसत होती. दुसऱ्या तुकडीत तिच्या आणि सासूच्या अशा दोन जागा आहेत. पावती दाखवून म्हणाली, "एकच विचारायचं होतं. पाणी किती जवळून दिसतं?"

मी विचारलं, "का?"

"सासूबाईंची नजर जात चाललीय. लांबचं गेलंच. जवळचं दिसतं, तेही डॉक्टर म्हणाले पावसाळ्यापर्यंत. त्यांना दिवे लागलेलं पाणी बघायचंय. लहानपणी एका कॅलेंडरवर बघितलं होतं म्हणे. सत्तर वर्षं तेच डोक्यात आहे. म्हाताऱ्यांचं काय असतं बघा, मुलाचं नाव विसरतात आणि कॅलेंडर लक्षात राहतं."

ती हसली. मीही हसले. परवडेल पलीकडच्या टेबलावरून बघत होते.

"तर पुलावरून खाली बघायचं म्हटलं तर त्यांना नाही दिसायचं," ती म्हणाली. "पाणी जवळ हवं."

मी म्हटलं, "अगदी खिडकीखाली आहे."

ताई, हे मी म्हटलं. परवडेलनी नाही. मला कुणी पढवलं नव्हतं. तिने माझा हात दाबला. सुयांनी बोटांची टोकं खरखरीत झालेली होती. म्हणाली, "शिकलेल्या मुली नीट सांगतात. नाहीतर हे लोक थापा मारतात."

ती गेल्यावर मी मोरीवर जाऊन साबणाने हात धुतला. दोन वेळा. तुला हे ओळखीचं वाटेल, फक्त माझ्या हाताला काही लागलेलं नव्हतं.

पहिल्या तुकडीबरोबर मलाच पाठवताहेत. लोकांना सांभाळून घ्यायला.

पेन्सिल

२४ मार्च

ताई,

तू मला पाहिलंस. मीही तुला पाहिलं. म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तरी पहिल्यापासून सांगते, कारण तुझ्याकडून वर पाहताना तुला फक्त कठडा आणि आमची डोकी दिसली असतील.

एकोणीस माणसं होती. लॉजच्या गल्लीत शिरेपर्यंत सगळी आनंदात. मग वास आला. तू वासाबद्दल कधी बोलली नव्हतीस. कुजलेल्या पाल्यासारखा, बंद डब्यात विसरलेल्या अंड्यासारखा, वर काहीतरी रॉकेलसारखं. माझ्या खोलीतल्या चादरीवर दुसऱ्या कुणाचे तरी लांब केस होते आणि उशीला तेलाचा गोल डाग. खिडकीच्या फटींना मालकाने चिकटपट्टी लावली होती. ती सोलून मी बाहेर बघितलं. खाली कालवा नव्हताच, काळा लगदा होता. त्यात सायकली, बाटल्या, एक मोडकी खुर्ची, पोट फुगलेला उंदीर. अगदी खिडकीखाली.

मी परवडेलना फोन केला. ते म्हणाले, "सांगा, दुर्मिळ दृश्य आहे. भरलेलं पाणी काय, रोजच असतं." म्हणजे माझीच खोडलेली वाक्यं. आता ती कामाला आली.

आणि मी ती म्हटली. पुलावर उभी राहून, हात करून, पाये दाखवत, होड्या दाखवत. आवाज माझा, वाक्यं माझी, शब्द न शब्द खरा, आणि तरी इतकं घाण मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

सुरुवातीला लोक चिडले. नंतर त्यांना करमणूक सापडली. तुम्ही सगळ्या खाली होतात ना, मांड्यांपर्यंत आत. कापड दुकानदाराची बायको नाकाला पदर लावून "शी, शी, अगं बाई, बायका आहेत!" करत होती. कुणीतरी संत्र्याचं साल खाली टाकलं, पडतं की रुततं ते बघायला. मग आणखी दोघांनी टाकलं. दुकानदाराने माझ्या हातात मोबाइल दिला. "आमचा दोघांचा काढा. त्या बायका मागे आल्या पाहिजेत. ए, तू नाक धर, मजा येईल."

मी फोटो काढत होते. मोबाइलच्या चौकटीत आधी ती दोघं दिसली, आणि त्यांच्या दोन डोक्यांच्या मध्ये, खाली, तू. कमरेवर हात. टोळीतल्या कुणाला तरी दटावत होतीस. मग तू वर बघितलंस आणि हात केलास.

"ए पेन्सिल!"

पुलाखाली आवाज घुमतो. सगळ्यांना ऐकू गेलं. तू हसत होतीस, ताई. दोन वर्षांनंतर. दात तेवढे पांढरे दिसत होते.

दुकानदार म्हणाला, "तुम्हाला बोलावतेय का ती?"

मी म्हटलं, "नाही. दुसऱ्या कुणाला तरी असेल."

आणि बटण दाबलं. तो फोटो त्याच्याकडे आहे. छान आला, म्हणाला.

तू हात खाली घेतलास. शेजारचीला काहीतरी म्हणालीस आणि दोघी हसलात. काय म्हणालीस ते मला कळायला हवं असं वाटतं आणि कधीच कळू नये असंही. संध्याकाळी तुमच्या शेडपर्यंत आले होते. बाहेर ओळीने गमबूट उलटे करून ठेवले होते. तुझे कुठले ते मला ओळखता आले नाहीत. तिथूनच परत फिरले.

आज बसमध्ये परवडेलचा फोन आला. खूश होते. पुढच्या वर्षी तळाचीच सहल काढू म्हणाले, पुलावर खुर्च्या टाकू, गाळ काढणाऱ्या बायका दाखवू. "तुमच्या डोक्यातून आलेलं आहे मॅडम, तुमचं नाव होईल."

दुसरी तुकडी परवा नाही, तेरवा निघते. शिवणकामवाली आणि तिची सासू.

पेन्सिल

२६ मार्च, सकाळ

ताई,

हे पत्र पोस्टाने नाही. घाईत लिहिते आहे, अक्षर चालवून घे.

काल दुसऱ्या तुकडीतल्या लोकांना मी पत्रं लिहिली. नऊ घरं होती. पहाटे उठून नऊ प्रती हाताने काढल्या. दौतीत शाई भरून लिहावं असं वाटलं होतं, पण ते नाटक झालं असतं. साध्या पेनने लिहिलं. खोडलेली तीन वाक्यं परत घातली. पाणी ३१ तारखेला परत आत सोडतात आणि पाच एप्रिलपर्यंत निवळतं, म्हणजे त्यानंतर जावं, हे घातलं. पैसे परत मागायचा हक्क आहे आणि तो कसा मागायचा हे घातलं. खाली लिहिलं: 'मला हे आधीपासून माहीत होतं, कारण माझी सख्खी मोठी बहीण त्या टोळ्यांची मुकादम आहे. तिने विश्वासाने सांगितलेलं मी ऑफिसात सांगितलं. पुलावर तिने मला हाक मारली तेव्हा मी ओळख दिली नाही.' हे शेवटचं लोकांना कशाला हवं होतं, मला ठाऊक नाही. पण ते गाळलं की बाकीचं सगळं परत पत्रकासारखं वाटायला लागायचं.

आठ घरी पत्र दिलं. कुणी आभार मानले, कुणी तोंडावर दार लावलं, एकाने विचारलं, "मग आता स्वस्तात दुसरं काय आहे?"

नववं घर शिवणकामवालीचं. ती मशीनवर होती. बाजूला खाटेवर म्हातारी, शेजारी बॅग भरून तयार. वर नवीन टॉवेल. ती म्हणाली, "हात गुंतलाय, वाचून दाखवा ना. सासूबाईंनाही कळेल."

मी उभ्याने वाचलं. पहिल्या वाक्यानंतर मशीन थांबलं.

वाचून झाल्यावर तिने मान वर केली. ताई, त्या चेहऱ्याचं काय सांगू. ती ओरडली नाही. नाकाच्या कडा किंचित आक्रसल्या आणि तिने खुर्ची थोडी मागे घेतली. एवढंच. बाजूला सरकली. पदवीदानाच्या दिवशी मी फोटोत जेवढी सरकले होते तेवढीच असेल, वीतभर.

"माझ्या तोंडावर सांगितलंत," ती म्हणाली, "खिडकीखाली म्हणून."

"हो."

"मी चार जणींना सांगितलं, शिकलेली मुलगी आहे, नीट सांगते."

म्हातारीने माझ्या दिशेला तोंड केलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. म्हणाली, "पाण्याचं राहू दे. बहिणीने हाक मारली तर ओ का नाही दिलीस गं?"

"माहीत नाही, आजी."

"वास येत होता?"

"हो."

"मला पण येतो हल्ली," ती म्हणाली. "म्हातारपणाचा. ही रोज अंग पुसते माझं. नाक नाही धरत." सुनेने टॉवेल बॅगेतून काढून परत कपाटात ठेवला आणि मला जायला सांगितलं. पाच एप्रिलनंतर त्या जाणार का, ते मी विचारलं नाही. तो हक्क माझा उरला नव्हता. पत्र मात्र तिने फाडलं नाही. मशीनच्या खणात ठेवलं.

दुपारी परवडेलचा फोन आला. "एवढं शिकून शेवटी गाळच ना, मॅडम?" मी म्हटलं, हो सर. ऑफिसची किल्ली खालच्या टायरवाल्याकडे ठेवली.

बाबांनी विचारलं, नोकरी सोडलीस तर त्या भिंतीवरच्या पदवीच्या कागदाचं काय करायचं? मी म्हटलं, तो तिथेच राहू दे, तो खरा आहे. आईने मात्र भलतंच विचारलं, "गमबूट घेतलेस का? ताईच्याच मापाचे घे. तुमचे पाय सारखे आहेत, लहानपणी एकच जोड दोघींना पुरवला मी." हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझ्या चपला नव्या असायच्या.

पहाटेच्या पहिल्या बसने आले. आता तुमच्या शेडमध्ये बसून लिहिते आहे. तू दरवाजाकडच्या टोळीबरोबर आहेस, आठ वाजता इकडे येशील असं कळलं. हे पत्र तुझ्या डब्याखाली ठेवणार आहे. नवे बूट घातलेत, टाच घासते. वास तोच आहे, कमी झालेला नाही. मघाशी शेडच्या मागे जाऊन ओकले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, त्यामुळे ते घेऊन आले आहे असं समजू नकोस. मी फक्त चार दिवस हाताखाली घे म्हणून आले आहे. नको असेन तर सगळ्यांसमोर हाकलून दे, तेवढं माझं येणं आहे.

एक मात्र मला तुझ्या येण्याआधीच करून टाकायचं होतं, म्हणजे तुला बघून मला धीर आला किंवा सुटला असं व्हायला नको. ते करून झालं आहे. सातला हजेरी लिहिणाऱ्याच्या टेबलासमोर रांगेत उभी राहिले. बायका माझ्या कोऱ्या बुटांकडे बघून हसत होत्या. पंप नुकताच सुरू झाला होता. हजेरीवाल्याने नाव लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "इथे ओळखीचं कोण?"

मी सांगितलं.

तो म्हणाला, "ऐकू येत नाही, पंप चालू आहे. मोठ्याने सांगा."

मी मोठ्याने सांगितलं.

पेन्सिल